गोळीची चिठ्ठी लपवू नका

नमस्कार ताई,

मुलगा विमान देखभालीच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या ताणात झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी त्याला क्लोनाझेपाम लिहून दिली आणि ती अजून चालू आहे. सीनियर मुलांनी त्याला घाबरवलंय, की नोकरीला लागताना लघवी तपासतात, ही गोळी त्यात सापडते आणि चिठ्ठी दाखवली तर संपलंच. आता तो गोळी एकदम बंद करतो म्हणतोय, नाहीतर कोर्सच सोडतो म्हणतोय. आणि दारूला कधी हात न लावलेल्या मुलाला असं तपासणं तुम्हाला अपमानास्पद वाटतंय.

आधी गोळीचं बोलू, कारण ते थांबू शकत नाही. ती त्याने मनाने बंद करू नये. बेन्झोडायझेपिन गटातल्या या गोळ्या काही काळ घेऊन अचानक थांबवल्या, तर झोप आणखी बिघडते, घालमेल वाढते, काहींना फिटही येते. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि त्यांना स्पष्ट सांगा की हा मुलगा पुढे विमानावर काम करणार आहे, तेही शिफ्टमध्ये. रुग्ण काय काम करतो हे पुष्कळदा डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. ते कळलं तर औषधाची निवडही बदलू शकते.

आता तपासणीचं. सीनियर मुलं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. तपासणीत काय शोधतात हे देशागणिक बदलतं. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, अफूवर्गीय द्रव्यं आणि पीसीपी नावाचं भास घडवणारं द्रव्य बघतात. झोपेच्या गोळ्यांचा गट त्यात नाही. भारतात विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या २०२२पासूनच्या नियमांमधल्या यादीत मात्र बेन्झोडायझेपिन आहेत. म्हणजे गोळी सापडू शकते. पण सापडली म्हणजे दोषी ठरला, असं नाही. अमेरिकी पद्धतीत लॅबचा पॉझिटिव्ह अहवाल आधी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसरकडे जातो. हा डॉक्टरच असतो. तो कर्मचाऱ्याला फोन करून कुठलं औषध चालू आहे ते विचारतो, चिठ्ठी मागतो, खातरजमा करतो. औषध रीतसर लिहून दिलेलं असेल तर कंपनीला निगेटिव्ह म्हणून कळवतो. एक गोष्ट मात्र खरी, की या औषधावर असताना हे काम सुरक्षित नाही असं त्याला वाटलं, तर तसं कळवण्याचा त्याला अधिकार आहे. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणूनच गोळीचा प्रश्न नोकरीच्या दाराशी पोचल्यावर सोडवण्यापेक्षा आत्ताच डॉक्टरांकडून सोडवून घ्यायचा.

चाचणी ‘क्लीन’ करणारं काहीतरी प्यायला मिळतं, असंही त्याने ऐकलंय. त्या वाटेला त्याने अजिबात जाऊ नये. नमुना घेताना अमेरिकी पद्धतीत काय होतं ते त्याला सांगा. खिसे रिकामे करायला लावतात. संडासच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो आणि नळ बंद केलेला असतो, म्हणजे नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये. नमुना दिल्यावर चार मिनिटांच्या आत त्याचं तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या मध्ये असावं लागतं. मग त्याच्यासमोर नमुना दोन बाटल्यांत विभागून सील करतात आणि सीलवर त्याची आद्याक्षरं घेतात. दुसरी बाटली त्याच्याच हक्काची असते. पहिल्या निकालावर त्याचा विश्वास नसेल, तर ७२ तासांत ती दुसऱ्या लॅबकडून तपासून घ्यायची मागणी तो करू शकतो. नमुन्यात भेसळ किंवा अदलाबदल आढळली, तर ते चाचणीला नकार दिल्यासारखंच धरतात. चिठ्ठी असलेल्या मुलाने सुटकेसाठी भेसळ केली, तर जे निभावलं असतं तेच त्याच्यावर उलटेल.

दारूची चाचणी फुंकरीची. पहिली फुंकर पॉझिटिव्ह आली तर किमान पंधरा मिनिटं थांबून दुसरी घेतात, कारण माउथवॉशमधलं अल्कोहोल तोंडात थोडा वेळ राहतं आणि तेवढ्यात निघून जातं. भारतात २०१९पासून देखभाल कर्मचाऱ्यांसाठीही ब्रेथ अ‍ॅनालायझरचे नियम आहेत. अमेरिकेत देखभालीच्या माणसाने कामाआधी चार तास दारू घ्यायची नाही, वैमानिकाने आठ तास. ब्रिटनच्या २००३च्या कायद्यात वैमानिकाला शंभर मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि परवानाधारक इंजिनिअरला ८०ची. हा फरक मला अजिबात पटत नाही. वैमानिकाच्या शेजारी दुसरा वैमानिक बसलेला असतो. पण देखभालीच्या माणसाने रात्री विमानाचं पॅनेल बंद करून सही केल्यावर आत काय झालंय, ते पुढच्या तपासणीपर्यंत कदाचित कोणालाच दिसणार नाही.

तुम्हाला वाटणाऱ्या अपमानाबद्दल. १९८७च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडमध्ये रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन १६ माणसं गेली. इंजिन चालवणाऱ्याने गांजा ओढला होता. त्यानंतर १९९१ साली जो कायदा झाला, त्याने रेल्वे, ट्रक आणि विमान, सगळीकडे अशा चाचण्या बंधनकारक केल्या. अचानक होणाऱ्या चाचणीसाठी नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. एकदा नाव आलं म्हणून पुढच्या वेळी सुट्टी नाही. साहेबाला ज्याचा राग, त्याचंच नाव, असं होऊ नये म्हणूनच ही पद्धत आहे. वीस वर्षं काम केलेला माणूस आणि काल लागलेला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. तुमच्या मुलावर कोणी संशय घेतलाय असा त्याचा अर्थ होत नाही.

खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचून मला चाचणीपेक्षा त्याच्या झोपेचीच जास्त काळजी वाटली. विमानं दिवसा उडतात, त्यामुळे देखभालीचा मोठा भाग रात्रीच होतो. १९९०च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत असताना निसटली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान उतरवलं, सगळे वाचले. आदल्या दिवशी पहाटे ती काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट जरासे बारीक लावले गेले होते, फरक एका मिलिमीटरहून कमी. बसवणारा अनुभवी होता आणि प्यायलेला नव्हता. अपुऱ्या उजेडात, पहाटे, त्याने जुना बोल्ट शेजारी धरून नुसत्या नजरेने नवा जुळवला. कुठल्याही चाचणीत तो सापडला नसता.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच मंदावतो. झोपेच्या थकव्यासाठी फुंकर मारायचं यंत्र नाही. तिथे माणसाला स्वतःहूनच सांगावं लागतं.

म्हणून त्याच्याशी बोलताना चाचणीचा विषय बाजूला ठेवा आणि विचारा: रात्र वाईट गेली, अंगात गोळीचं जडपण आहे आणि समोर जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामाचा कागद आला, तर शिफ्ट इनचार्जला ‘आज मला सहीच्या कामावर ठेवू नका’ असं म्हणशील का? सुरुवातीला जीभ रेटत नाही, हे मी अनेक मुलांकडून ऐकलंय. पण चांगल्या हँगरमध्ये असं सांगणाऱ्याला दुसरं काम देतात, घरी पाठवतात, आणि त्याचं नाव चांगल्या माणसांत धरतात. जिथे त्यावरून टोमणे मारतात, तिथे त्याने नोकरी करू नये असंच मी सांगेन.

परीक्षेपुरती गेलेली झोप आणि मुळातच नाजूक झोप यांतला फरक डॉक्टरांना विचारा. पहिलं असेल तर काळजीचं कारण मला दिसत नाही. दुसरं असेल, तरी कोर्स वाया जात नाही. नियोजन, टेक्निकल रेकॉर्ड्स, कॉम्पोनंट शॉप, क्वालिटी या विभागांत दिवसपाळीची कामं बरीच असतात, आणि हाच अभ्यास तिथे लागतो.

कोर्स सोडायचा निर्णय मात्र त्याने प्रत्यक्ष ट्रेनिंगमध्ये रात्रपाळीचा निदान एक महिना काढल्याशिवाय घेऊ नये. आणि ट्रेनिंगच्या फॉर्मवर ‘सध्या चालू असलेली औषधं’ असा रकाना आला, तर तो त्याने खरा भरावा आणि डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडावी.