मोठ्या बॅटरी प्रकल्पांचा ग्रिडला (देशभरच्या विजेच्या जाळ्याला) नेमका काय उपयोग? घरच्या इन्व्हर्टरसारखंच ना ते?

तुम्ही विचारलंय की शेकडो मेगावॉटची बॅटरी बसवली तर लाइट गेल्यावर गाव रात्रभर चालेल का. नाही चालणार, आधी तेच सांगून टाकतो.

मी नाशिकरोडचा, वडील एकलहऱ्याच्या थर्मलला (कोळशाच्या वीज केंद्रात) होते, मी स्वतः सबस्टेशनची कामं करतो (ठेकेदाराकडे, साहेब वगैरे नाही). आपल्याकडे लाइट जाते ती बहुतेक वेळा फांदी पडून, जंपर तुटून नाहीतर डीपी जळून. म्हणजे वीज असते, ती तुमच्यापर्यंत यायचा रस्ता तुटलेला असतो, मग पलीकडे कितीही मोठी बॅटरी ठेवा, ती तुटलेल्या तारेतून काय देणार?

ग्रिडवरच्या बॅटरीचं काम निफाड-लासलगावच्या माणसाला कांदाचाळीवरून लगेच कळेल. उन्हाळ कांदा सगळ्यांचा एकदम निघतो, भाव पडतो, ज्याची चाळ आहे तो भरून ठेवतो आणि भाव चढला की काढतो. सौर विजेचं सेम तसंच आहे, दुपारी बारा-एकला इतकी येते की कधीकधी घ्यायला गिऱ्हाईक नसतं, आणि सात वाजता जेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सगळं एकदम चालू होतं तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. बॅटरी दुपारचा माल संध्याकाळी बाजारात आणते. चाळीत घट येते तशी इथेही येते, शंभर युनिट भरले तर साधारण पंच्याऐंशी परत मिळतात.

बातम्यांमध्ये मेगावॉट आणि मेगावॉट-तास यांची कायम खिचडी करतात, तेही चाळीवरूनच घ्या. चाळीत एकूण किती क्विंटल मावतो ते मेगावॉट-तास आणि एका वेळी किती ट्रॅक्टर भरता येतात ते मेगावॉट. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पाला जोडलेली बॅटरी ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तासाची आहे, म्हणजे पूर्ण जोरात चालवली तर तीन तासांत रिकामी. रात्रभर वगैरे विसरा.

पण माझ्या मते खरी मजा चाळीत नाहीच, वेगात आहे. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा, ५० हर्ट्झ, आणि एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा संच (टर्बाइन-जनरेटरची जोडी) त्यासाठी मिनिटाला ३००० फेरे मारतो. देशातले असे सगळे संच एका दोरीला बांधलेल्या बैलांसारखे एकाच चालीने चालतात, ओझं वाढलं की सगळेच थोडे मंदावतात, हलकं झालं की पळतात. ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये राहायचं असा दंडक आहे, वडील घरी आले की पहिलं वाक्य असायचं "आज फ्रिक्वेन्सी फार नाचली". कोळशाचा संच मिनिटाला एक-दोन टक्केच वरखाली होतो, बॉयलर काही गॅसची शेगडी नाही. बॅटरीला हलवायला जड काही नाहीच, ती सेकंदाच्या आतच वीज देते किंवा उलटी ओढून घेते.

५ एप्रिल २०२० आठवतोय? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. त्या वेळी देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि लगेच परत वर चढली. तेव्हा मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी सांभाळलं, कारण पाण्याचं टर्बाइन भराभर कमी-जास्त करता येतं. धरणं मात्र हवी तिथे मिळत नाहीत, बॅटरीचे कंटेनर सबस्टेशनच्या शेजारी मोकळ्या जागेत बसतात.

दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये १०० मेगावॉटची बॅटरी लागली, त्याच डिसेंबरात जवळपास हजार किलोमीटरवर कोळशाचा ५६० मेगावॉटचा संच ट्रिप झाला आणि बॅटरीने क्षणात वीज सोडली. किती? सातेक मेगावॉट! पेपरवाल्यांनी बॅटरीनेच ग्रिड वाचवलं असं छापलं, तसं काही नव्हतं, पण बाकीचे हलायच्या आधी ती हलली होती हे खरं.

आणखी एक उपयोग जो मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण रोज तेच बघतो. एखाद्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर दिवसभर निवांत असतो आणि संध्याकाळचे दोन-तीन तासच तापतो, त्या दोन तासांसाठी नवा ट्रान्सफॉर्मर, नवी लाइन, जागेची भांडणं. तिथे बॅटरी ठेवली की तेवढा लोड ती उचलते. दिल्लीत किलोकरीला २०२५ मध्ये २० मेगावॉटची अशीच ३३/११ केव्ही सबस्टेशनला बसवलीय.

दोष आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या बॅटरी प्रकल्पाला मोठी आग लागली, हजाराहून जास्त लोकांना हलवावं लागलं. तिथे जुन्या प्रकारच्या सेल एकाच इमारतीत रचलेल्या होत्या, आता बहुतेक ठिकाणी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आणि कंटेनर उघड्यावर सुटे सुटे ठेवतात. आणि आषाढात आपल्याकडे आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा बॅटरी भरायची कशाने? लांब पल्ल्याला पाणीच बरं. घोटीवरून भंडारदऱ्याच्या पुढे गेलात की घाटघर लागतं, तिथला २५० मेगावॉटचा प्रकल्प जास्तीच्या विजेवर खालचं पाणी वर चढवतो आणि गरजेला परत सोडतो. तीही बॅटरीच, फक्त पाण्याची.

तेव्हा घरचा इन्व्हर्टर विकू नका, पावसाच्या आधी त्यात डिस्टिल्ड वॉटर तेवढं बघून घ्या.