ॲपलच्या जुन्या मॅक प्लस संगणकावर हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) लिहायला हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर वापरावं की स्टोरीस्पेस?

चित्रं, बटणं आणि थोडा मजकूर असं मिश्र काम असेल तर डोळे मिटून हायपरकार्ड घ्या. पण फक्त गद्य लिहिणार असाल आणि दुवे शेकड्यांनी असतील, तर स्टोरीस्पेसच. मी दोन्ही एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवून पाहिली आहेत, त्यावरून सांगतो. ॲपलचे प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड १९८७ साली आलं. त्याचं मूळ कार्ड, म्हणजे एक पान, ५१२ × ३४२ पिक्सेलचं, म्हणजे मॅक प्लसच्या पडद्याएवढंच. बटण ठेवायचं, त्यात 'गो टू कार्ड' अशी एक ओळ लिहायची, की दुवा तयार! शिकायला इतकं सोपं साधन त्या काळी दुसरं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. अडचण मजकुराची आहे. पहिल्या आवृत्तीत शब्दाला दुवा द्यायचा तर त्याच्यावर पारदर्शक बटण ठेवावं लागतं. मजकूर वर सरकला की शब्द निघून जातो आणि बटण तिथेच राहतं, त्यामुळे वाचक भलत्याच शब्दावर क्लिक करतो. स्टोरीस्पेसमध्ये दुवा थेट शब्दांनाच चिकटतो, सगळ्या लेखनाचा चौकटींचा नकाशा समोर राहतो, आणि 'अमुक पान वाचल्यावरच हा दुवा उघडावा' अशी अटही घालता येते. फक्त एक लक्षात घ्या: रंग हवे असतील तर मॅक प्लस उपयोगाचा नाही, त्याचा पडदा कृष्णधवल आहे. रंगीत मॅक मिळाला तर हायपरकार्डच्याच धर्तीचं १९८९ चं सुपरकार्ड बघा.