पक्का करार आहे ना, मग भीती कसली?

प्रश्न : नमस्कार सर. माझा भाचा टोरांटोला असतो. तो म्हणतो मामा, तांब्याला मरण नाही, इलेक्ट्रिक गाड्या, सोलर, सगळीकडे तांबंच लागतंय, तर एखाद्या खाण कंपनीच्या शेअरमध्ये थोडे टाका. पण खाणी सगळ्या आफ्रिका नाहीतर लॅटिन अमेरिकेत. सरकारशी पक्का करार असेल, संसदेत पास झालेला असेल, तर मग भीती कसली? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाचा तांब्याबद्दल चुकीचं बोलत नाहीये. पण ‘पक्का करार’ वाचलं आणि मला पनामाच आठवला. तिथली कोब्रे पनामा खाण, कॅनडाच्याच फर्स्ट क्वांटम कंपनीची, जवळपास 10 अब्ज डॉलर ओतलेले, देशाच्या जीडीपीचा साधारण 5 टक्के वाटा तेव्हा या एका खाणीचा होता. 20 ऑक्टोबर 2023ला नवा करार संसदेत पास झाला आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी सही पण ठोकली! वर्षाला किमान 37.5 कोटी डॉलर सरकारला मिळणार होते, कागदावर याहून पक्कं काय असणार?

आणि 28 नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. 40 दिवस पण नाही टिकला.

मधल्या काळात जे झालं ना, ते बॅलन्स शीटमध्ये कुठेच दिसत नाही. शिक्षक, बांधकाम मजूर, विद्यार्थी, आदिवासी सगळे रस्त्यावर, हायवे कित्येक आठवडे जाम. त्यात ते दुष्काळाचं वर्ष, पाण्याअभावी पनामा कालव्यातून जहाजं कमी सोडावी लागत होती, म्हणजे पाण्यावरून लोक आधीच तापलेले. आणि खरा घाव कुणी घातला माहितीये का, मच्छीमारांनी. छोट्या छोट्या होड्या घेऊन पुंता रिंकोन बंदराच्या तोंडाशी उभे राहिले, कोळशाचं जहाज आत येईना, कोळसा नाही तर खाणीचं वीज केंद्र चालेना, आणि वीज नाही तर तांब्याचा दगड कोण दळणार? एवढी अवाढव्य खाण, पण तिची नस एका जेटीत.

बरं, हे अचानक आभाळातून पडलं असंही नाही हं. 1997चा मूळ करार टेंडर न काढता दिला म्हणून कोर्टाने 2017मध्येच रद्दबातल ठरवला होता. तरी काम चालूच, 2019ला माल पण निघाला. लोक हे सगळं बघत होते. त्यामुळे मला विचाराल तर घाईघाईत झालेली सही हाच सगळ्यात मोठा धोका, सरकार बदलण्यापेक्षाही मोठा. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात जाऊ शकते, गेलीही, पण तिथे वर्षं जातात आणि तोवर शेअर पडलेला असतो.

लांब कशाला, आपल्या शेजारी गोव्यात 2018ला सुप्रीम कोर्टाने लोहखनिज खाणींच्या 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, एका फटक्यात रद्द केल्या. लीज सरकारनेच रिन्यू केलेल्या होत्या! मोठ्या कंपन्या तगल्या, डिचोली, सांगे भागातले ट्रकवाले मात्र डोक्यावर कर्ज घेऊन बसले.

तेव्हा पैसे टाकायचे तर भाच्याला दोनच गोष्टी विचारा, लीज टेंडरने मिळाली की ओळखीने, आणि खाणीला पाणी कुठल्या नदीचं, कारण पाण्यावरून लोक तापतात. दुसऱ्याचं उत्तर त्याला देता आलं नाही तर चेक लिहू नका.