रेघ बारीक आली, पण शेजारची सुटी दिसते का?

लेसरने रेझिन घट्ट करून नॅनो मापाच्या वस्तू छापण्याबद्दल आलेले तीन प्रश्न.

सर, सेमिनारमध्ये एकजण म्हणाला, विवर्तनामुळे (प्रकाश पसरतो म्हणून) मर्यादा २०० नॅनोमीटर. दुसरा म्हणाला, १०० ची रेघ सहज निघते. खरं कोणाचं? (एम.एस्सी., नांदेड)

दोघांचंही. ७८० नॅनोमीटरचा लेसर आणि १.४ न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचा (किरण किती रुंद कोनातून एकवटतो त्याचं माप) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे लेन्स, घेतला, तर विवर्तनाची मर्यादा सांगणाऱ्या अ‍ॅबेच्या सूत्राने सुमारे २८० येतात. रेझिन एकदम दोन फोटॉन शोषतं, म्हणून ते २०० वर उतरतात. पण ही मर्यादा दोन रेघांमधल्या अंतराची. एकट्या रेघेची जाडी रेझिनच्या उंबरठ्यावर, म्हणजे ते घट्ट व्हायला लागणाऱ्या किमान प्रकाशावर, ठरते: केंद्रबिंदूतल्या प्रखरतेचा फक्त शेंडा उंबरठा ओलांडेल एवढीच पॉवर ठेवली, की रेघ १०० च्याही खाली जाते. पेपरमध्ये यातला कुठला आकडा दिलाय, ते आधी बघा.

मी लातूरची, बाहेरच्या प्रयोगशाळेत प्रकल्प करते. रेघा जवळ आणल्या की चिकटतात. पॉवर आणखी उतरवू? (संशोधक विद्यार्थिनी)

नको, रेघा लेच्यापेच्या होतील. आधी एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) नमुना तिरपा करून बघा. शेंडे चिकटलेले आणि बुडखे सुटे असतील, तर दोष वाळवण्याचा: उडून जाणाऱ्या द्रवाचा पृष्ठताण रेघांना एकमेकींकडे ओढतो. तिथे कार्बन डायऑक्साइडचं क्रिटिकल पॉइंट ड्राइंगच (पृष्ठताण आडवा येऊ न देता वाळवणं) करावं.

बुडापासून चिकटल्या असतील, तर दोष छपाईतला. पहिल्या रेघेच्या आजूबाजूच्या रेझिनने प्रकाशाचा थोडा डोस आधीच घेतलेला असतो, पॉलिमरायझेशन (रेझिन घट्ट होणं) रोखणारा ऑक्सिजनही तिथे संपलेला असतो. दुसऱ्या रेघेची कड तेवढ्यानेच उंबरठा ओलांडते. आधी एकाआड एक रेघा काढा, मधल्या नंतर. तोवर ऑक्सिजन परत पसरतो. क्वेंचर (घट्ट होण्याची क्रिया आवरणारा पदार्थ) घातलेलं रेझिनही वापरून बघा.

याच्या पुढे कडीच्या आकाराचा दुसरा किरण लागतो, जो केंद्राभोवतीचं रेझिन घट्ट होऊच देत नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या गटाने अशी ९ नॅनोमीटरची रेघ काढली, पण दोन रेघा सुट्या दिसायला ५२ लागले. मला यातला ५२ हाच आकडा महत्त्वाचा वाटतो.

आमच्या टूलरूममध्ये ४०५ नॅनोमीटरचा रेझिन प्रिंटर आहे. लेन्स बदलून नॅनो छपाई होईल? (वाळूज)

नुसत्या लेन्सने नाही. तुमचं रेझिन एकेका फोटॉनवर घट्ट होतं, त्यामुळे केंद्रबिंदूच्या वर-खालीही किरणाच्या वाटेत जमत जातं. अडचण तरंगलांबीची नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या गटाने २०२१ मध्ये ४०५ च्याच डायोड लेसरने नॅनो छपाई केली. त्यांनी फोटोइनिशिएटर (प्रकाश शोषून घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारा पदार्थ) म्हणून बेंझिल घेतलं. त्याचा रेणू प्रकाश दोन टप्प्यांत शोषतो, म्हणून घट्ट होणं केंद्रबिंदूपुरतंच राहतं. प्रिंटरला हात लावण्याआधी रेझिन बनवणारा रसायनशास्त्राचा माणूस शोधा.