‘मी ठीक आहे’ म्हणणं आधी बंद कर

ताई, मी १७ वर्षांची आहे. स्टुडंट एक्स्चेंजवर दहा महिन्यांसाठी परदेशात आलेय, आज नववा दिवस. होस्ट फॅमिली चांगली आहे, कुणी मला काही बोललेलं नाही. तरी मी खोलीतच बसून असते. स्वयंपाकघरात कुणी नाही याची खात्री झाली की मगच पाणी प्यायला जाते. जेवताना सगळे भराभर बोलतात, मला अर्धंच कळतं. ते हसले की मीही हसते. रात्री घरी फोन लावून रडते. माझ्याबरोबर आलेल्या मुलींचे फोटो बघितले की वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. ओरिएंटेशनला तर सांगितलं होतं की पहिला महिना ‘हनिमून’चा असतो, त्रास नंतर होतो. मग माझं पुढे काय होणार? परत जाऊ का?
– एक पाहुणी

पाहुणीबाई,

आधी त्या हनिमूनचा निकाल लावू. ही कल्पना जुनी आहे. कॅलर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये रिओ द जानेरोतल्या एका भाषणात ‘कल्चर शॉक’चे, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे टप्पे सांगितले, त्यातला पहिला हा हनिमूनचा. पुढच्याच वर्षी स्वेर लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून तो इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा आलेख मांडला: आधी मजा, मग खड्डा, मग पुन्हा वर. काढायला सोपा, दिसायला छान, त्यामुळे अजून ओरिएंटेशनच्या स्लाइडवर टिकून आहे. पण १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होता. म्हणजे तुझं काही उलटं चाललेलं नाही. आणि त्या मुलींचं म्हणशील, तर रडताना कुणी फोटो टाकत नाही.

झोपेचंही बघ. सात-आठ तासांचा फरक असेल तर शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या चालीने सरकतं. तुझं आत्ता कुठे जागेवर येत असेल. त्यात दिवसभर परकी भाषा कान देऊन ऐकायची, डोकं शिणतंच. अशा डोक्याने परतीच्या तिकिटाचा विचार, तोही मध्यरात्री, करू नकोस.

आता मला खरं जे बोलायचंय ते. मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला राहिलेय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक विद्यार्थिनी राहायला होती. इतकी गुणी की काही विचारलं तरी उत्तर एकच: थँक यू, मी ठीक आहे. कप विसळून जागच्या जागी ठेवायची आणि दार लावून घ्यायची. मला वाटायचं, हिला आमचं घर आवडलेलं दिसत नाही. मी नवऱ्याशी कुजबुजत बोलायला लागले, माझ्याच घरात! आठव्या दिवशी तिच्यामागून बाथरूममध्ये गेले तर सगळं थंडगार, आरशावर वाफेचा मागमूस नाही. आमच्या नळाचा दांडा आधी वर उचलून मग डावीकडे फिरवावा लागतो. ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं. आठ दिवस ती पोर गार पाण्याने अंघोळ करत होती आणि मला सांगत होती, मी ठीक आहे.

चूक माझीच होती, दाखवायला मी हवं होतं. पण घरातल्यांना तो नळ इतका सवयीचा असतो की त्यात दाखवण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही. तुझ्या घरातही असे दहा-बारा नळ असणार. फ्रिजमधलं न विचारता घ्यायचं का? सकाळी बाथरूम किती वाजता मोकळं असतं? कपडे मशीनला आपले आपण लावायचे की टोपलीत टाकायचे? दार बंद ठेवलं तर त्याचा अर्थ ‘झोपलीय’ असा घेतात की ‘रागावलीय’ असा? हे कागदावर लिही आणि होस्ट मॉमसमोर सरळ धर. भाषा मोडकी असू दे. ‘मला माहीत नाही, दाखवाल का’ एवढं आलं की पुरे.

आणि एक काम मागून घे. टेबल मांडणं, कचरा बाहेर नेणं, काहीही. ‘मी मदत करू का?’ असं विचारू नकोस, त्यावर कुणीही ‘नको, राहू दे’च म्हणतं. ‘रोज टेबल मी मांडणार’ असं म्हण. हातात चमचे असले की स्वयंपाकघरात उभं राहायला कारण लागत नाही.

न कळता हसणं मात्र सोड. कुणीतरी मध्येच तुला त्यावर काहीतरी विचारणार आणि तू अडकणार. सगळ्यांचं सगळं कळायला हवं असंही नाही. शेजारी बसलेल्या एकाला धर, ‘आत्ता काय झालं?’ विचार. घरातलं धाकटं मूल असेल तर उत्तमच, मुलांना शिकवायला फार आवडतं.

घरचा फोन बंद कर असं मी सांगणार नाही. फक्त झोपायच्या आधीचा नको, दिवसाचा ठेव, आणि वेळ ठरवून घे. तू रडून मोकळी होतेस, झोपतेस. तिकडे आई उरलेला दिवस तेच घेऊन बसते. पुढच्या फोनवर तिला आधी त्या दिवशी काय जेवलीस ते सांग.

हे सगळं घर चांगलं आहे असं तू लिहिलंस म्हणून. उद्या कुणाच्या वागण्याची भीती वाटली, नको तशी जवळीक झाली, पोटभर जेवण मिळेनासं झालं, तर ‘ॲडजस्ट’ करत बसू नकोस. त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फोन कर आणि घरीही सांग. घर बदलून मागण्यात नामुष्की नाही. रोटरीच्या वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये तर मुलांना एकापेक्षा जास्त घरांत ठेवण्याचीच पद्धत आहे.

परत जायचं का, हे मला सहा आठवड्यांनी विचार. तेव्हाही ‘हो’ वाटत असेल तर त्यावर नीट बोलू.

आज रात्री पाणी प्यायला जाशील ना, तेव्हा स्वयंपाकघरात माणसं असतानाच जा.