प्रेशर सेल ईएन 24 चा का नको?

प्रश्न : नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. फिजिक्समध्ये पीएचडी करणाऱ्या एका मॅडमनी प्रेशर सेलचं (सॅम्पल आत ठेवून प्रचंड दाबायची जाड नळी) ड्रॉइंग दिलंय, बाहेरून 24 मिमी, आत 4 मिमीचा बोअर म्हणजे भोक, मटेरियल बेरिलियम कॉपर. आत 2 गिगापास्कल (हवेच्या दाबाच्या साधारण वीस हजार पट) प्रेशर पाहिजे म्हणतात आणि सेल मॅग्नेटमध्ये 4 केल्विनपर्यंत (उणे 269 डिग्री सेल्सिअस) थंड करणार. माझ्याकडे ईएन 24 स्टीलचा बार पडून आहे, त्याचाच करून थोडी जाडी वाढवली तर काऊन नाही चालणार?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुम्ही काम सुरू करायच्या आधी विचारलं हे फार चांगलं केलं. ईएन 24 अजिबात नको. ते लोहचुंबकीय आहे, 9 टेस्लाच्या मॅग्नेटमध्ये सेल जोरात ओढला जाईल आणि आतल्या मिलिमीटरभर सॅम्पलचा सिग्नल सेलच्याच चुंबकत्वात बुडून जाईल. शिवाय एवढ्या थंडीत असं स्टील ठिसूळ होतं, आणि दाबाखालचा ठिसूळ सेल म्हणजे धोकाच. बेरिलियम कॉपर थंडीतही चिवट राहतं, आणि नीट हार्ड केलं की त्याची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जायला लागतो तो) साधारण 1.2 गिगापास्कल मिळते, त्यामुळे तांबं म्हणून त्याला कमी समजू नका.

आता जाडीचं. एक तर क्रायोस्टॅटमध्ये (सेल थंड करायच्या उपकरणात) जागा साधारण 25 मिमीचीच असते, म्हणून तो 24 चा आकडा आलाय. पण जागा असती तरी फार फायदा नव्हता, कारण सगळ्यात जास्त ताण बोअरच्या आतल्या भिंतीवर येतो आणि बाहेरचं मटेरियल जवळजवळ नुसतं बसून असतं. तुमच्या मापांत आतली भिंत 0.6 गिगापास्कलच्या आसपासच यील्ड व्हायला लागते, आणि पूर्ण भिंत यील्ड व्हायची हद्द हिशोबाने 2.15 येते. म्हणजे 2 ला मार्जिन राहतच नाही! हे मॅडमना नक्की सांगा. त्याहून वर जायचं असेल तर आत निकेल-क्रोम-अॅल्युमिनियम अॅलॉयची नळी आणि बाहेर बेरिलियम कॉपर, इंटरफिअरन्स फिटने (नळी भोकापेक्षा किंचित मोठी ठेवून दाबून) बसवलेलं, अशा सेलमध्ये लोक 3 गिगापास्कलच्या जवळपास जातात. त्यात बाहेरचा सिलेंडर आतल्याला आधीच आवळून धरतो, म्हणून जमतं.

सॅम्पलभोवती दाब पोचवायला तेल भरलेलं असतं, थंड होताना ते गोठतं, आकसतं आणि प्रेशर 0.2-0.3 गिगापास्कलने उतरतं, त्यामुळे खोलीत तेवढं जास्त भरावं लागतं, हेही डिझाइनमध्ये धरलंय का विचारून घ्या. थंडीत खरं प्रेशर किती उरलं ते बहुतेक आत ठेवलेल्या शिशाच्या तुकड्यावरून काढतात, शिसं 7.2 केल्विनला सुपरकंडक्टर होतं (विजेला विरोधच करत नाही) आणि प्रेशर वाढलं की ते तापमान खाली येतं.

मशिनिंग मऊ अवस्थेत करा, मग साधारण 315 डिग्री सेल्सिअसला दोन-तीन तास एजिंग, म्हणजे भट्टीत तापवून हार्ड करणं. त्यात माप थोडं आकसतं म्हणून बोअरला फायनल होनिंगसाठी (आतून बारीक घासून गुळगुळीत करायला) मटेरियल ठेवा, बोअर आरशासारखा पाहिजे, एक ओरखडा राहिला तर क्रॅक तिथूनच सुरू होतो.

आणि हे मनापासून सांगते, बेरिलियमची धूळ फुफ्फुसात गेली तर कायमचा आजार होऊ शकतो. कोरडं ग्राइंडिंग, कोरडं पॉलिशिंग करूच नका, कूलंट भरपूर सोडा, एअर गनने चिप्स उडवू नका, आणि हाताखालच्या पोरांनाही हे आधी समजावून सांगा. प्रेसवर लोड देताना (4 मिमीच्या पिस्टनवर 2 गिगापास्कल म्हणजे अडीच टन) जाड शील्ड लावा आणि पिस्टनच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.