“आमच्या भागात दम्याने जास्त लोक ॲडमिट होतात. घर बदलावं का?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की, समोरच्या व्यक्तीने बसल्या बसल्या मोबाइल माझ्याकडे सरकवला की आत काय असणार ते कळतं. एक नकाशा असतो. एकाच प्रदेशाचे तुकडे, फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत रंगवलेले. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : लोकसंख्येच्या प्रमाणात, दम्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण. विचारणाऱ्याचं घर अर्थातच लाल तुकड्यात असतं. फिकट तुकड्यातलं कुणी माझ्याकडे अजून आलेलं नाही.

अशा एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आल्या तेव्हा निर्णय घेऊनच आल्या होत्या. मुलगा आठ वर्षांचा, दीड वर्षात पाच वेळा ॲडमिट झालेला. नवऱ्याने नोकरी बदलावी, सगळ्यांनी पिवळ्या भागात राहायला जावं, असं त्यांचं म्हणणं. नवरा तयार नव्हता. तीन आठवडे दोघांचं बोलणं मुलामार्फत चाललं होतं.

“मॅडम, मला काही नको. तुम्ही फक्त यांना समजावा,” त्या म्हणाल्या. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मला विषयाची माहिती होती आणि ती दाखवायची हौसही होती. मी सांगितलं की, असे नकाशे पाहून जाणकार आधी दचकतात आणि मग शंका घेतात. 1938 साली ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया मोजल्या. शेजारशेजारच्या भागांत त्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं निघालं, आणि मुलांच्या घशांत तसा काही फरक असल्याचं दिसेना. 1973 मध्ये वेनबर्ग आणि गिटलसन या संशोधकांना अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात तसंच आढळलं. आजारापेक्षा तिथले डॉक्टर काय करतात, खाटा किती आहेत, यावर बरंच काही ठरत होतं. दम्याचंही काही अंशी तसंच. जवळ मोठं रुग्णालय असेल तर डॉक्टर रात्रभर ठेवून घेतात, ते लांब असेल तर वाफ देऊन घरी पाठवतात. एके ठिकाणी लहान मुलाच्या घरघरीला कागदावर ‘दमा’ म्हणतात, दुसरीकडे ‘छातीचा संसर्ग’.

सगळं बरोबर होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुमचंही तेच. मी उगाच घाबरते.”

नवऱ्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, ते आपल्याला पाठीराखा मिळाला म्हणून. ती भेट तिथेच संपली, असं म्हटलं तरी चालेल.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वळणाची. घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दल तो स्वतःशी बोलतो ते वाक्य छळतं, असं मी मानते आणि वीसेक वर्षं त्याच रस्त्याने चालले आहे. पण ते वाक्य आधी त्याच्या तोंडून बाहेर यावं लागतं. न उच्चारलेल्या वाक्याशी वाद घालता येत नाही, आणि मी नेमकं तेच करून बसले होते.

तिसऱ्या भेटीत मी आकड्यांना हात लावला नाही. एवढंच विचारलं, “समजा हा नकाशा उघडला आणि तुमचा भाग फिकट पिवळा निघाला. मुलगा तरीही पाच वेळा ॲडमिट झालेला. मग?”

खूप वेळ गेला. घड्याळ बघायचा मोह मी आवरला.

“मग...” त्या म्हणाल्या, “मग चूक माझीच ना?”

हे ते वाक्य. लाल रंगाने त्या घाबरल्या होत्या हे खरंच, पण त्याच रंगाने त्यांना सोडवलंही होतं. हवा वाईट, जागा वाईट. आई वाईट नाही. नवरा घर बदलायला नाही म्हणत होता, तेव्हा त्यांना ऐकू येत होतं, ‘दोष तुझाच आहे.’ तो बिचारा कर्जाचे हप्ते मोजत होता. बायकोला काय ऐकू येतंय, हे त्याला त्या दिवशी, माझ्यासमोर, पहिल्यांदा कळलं. “मी असं कधी म्हटलं?” एवढंच तो म्हणाला, पण खिडकीकडे वळला नाही.

त्यानंतर आकडे पुन्हा टेबलावर आले, आणि या वेळी त्यांनीच आणले. “हे प्रमाण काढतात कसं? किती मुलांना दमा आहे ते मोजतात?”

“नाही. किती वेळा दाखल झाले ते. माणसं नाही, खेपा मोजतात, निदान बहुतेक नकाशांत.”

त्या नकाशाकडे बघत राहिल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे या लाल रंगात पाच ठिपके आमच्या एकट्याचे आहेत?”

मी आजवर शेकडो लोकांना हा नकाशा वाचायला मदत केली असेल, पण हे इतक्या सरळ शब्दांत मलाही सुचलं नव्हतं. लहान वस्तीच्या भागात अशी चार-पाच मुलं असली, तरी अख्ख्या तुकड्याचा रंग चढतो. आपल्याला वाटतं, नकाशा आपलं भविष्य सांगतोय. त्यात असतात आपल्याच मागच्या खेपा. आणि भागाची सरासरी त्या भागातल्या एकेका माणसाला चिकटवता येत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच आकडेमोड करून दाखवलं होतं.

मी कोरा कागद दिला. “तुमच्या पाच ठिपक्यांचा नकाशा काढा. तारीख, वेळ, आदल्या तीन दिवसांत काय झालं आणि रोजचा पंप चालू होता का.”

कागद भरून आला. पाचही वेळा मध्यरात्रीनंतर. चार वेळा आधी दोन-तीन दिवस सर्दी, त्यातल्या दोन शाळा सुरू झाल्यावर लगेच. (सुट्टीनंतर शाळा भरली की मुलं सर्दीचे विषाणू वाटून घेतात आणि दम्याच्या मुलांची रुग्णालयातली गर्दी वाढते, हे बऱ्याच देशांत दिसलेलं आहे.) पंपाच्या रकान्यात पाच वेळा एकच शब्द होता : बंद.

“बरा असला की थांबवायचो,” नवरा म्हणाला. “सवय लागते म्हणतात ना पंपाची.”

मी डॉक्टर नाही, औषधाबद्दल निर्णय देत नाही. पण हा गैरसमज इतक्या घरांत भेटतो की सांगायलाच हवं. सूज कमी ठेवणारा रोजचा पंप आणि धाप लागल्यावर श्वासनळ्या सैल करणारा पंप ही दोन वेगळी कामं आहेत. मूल बरं दिसतं ते पुष्कळदा पहिल्याच्या जोरावर. तो आपल्या मनाने थांबवला की सूज गुपचूप वाढते आणि पुढची सर्दी निमित्त होते. दम्याच्या उपचारांची दिशा देणाऱ्या ‘जिना’ या जागतिक उपक्रमाने 2019 पासून स्पष्ट म्हटलंय की, मोठ्यांना आणि किशोरांना केवळ झटक्यापुरत्या पंपावर ठेवू नये. लहान मुलांचं काय, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. मी या दोघांना तो कागद घेऊन डॉक्टरांकडेच पाठवलं आणि तीन प्रश्न लिहून दिले : रोजचा पंप कोणता आणि कधीपर्यंत? स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळीने) घेण्याची पद्धत आमच्यासमोर तपासाल का? आणि झटका आला तर काय करायचं, हे लेखी द्याल का? डॉक्टरांनी मुलाला पंप घेऊन दाखवायला सांगितलं, तेव्हा निम्मं औषध तोंडातच राहत असल्याचं निघालं.

यावरून ‘जागेचं काही नसतं’ असं कुणी समजू नये. मला ते आवडणार नाही. 1981 ते 1987 या काळात बार्सिलोनात काही ठरावीक दिवशी दम्याच्या रुग्णांची अचानक रीघ लागायची. शोध घेता घेता कळलं की, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं आणि कोठाराची धूळ शहरावर येत होती. कोठाराला गाळणी बसवली आणि साथ थांबली. मेलबर्नला 21 नोव्हेंबर 2016 च्या वादळात गवताचे परागकण फुटून हवेत पसरले, हजारो लोकांनी रुग्णालयं गाठली, माणसं दगावली. रहदारीचा धूर, ओल धरलेली भिंत, घरातली सिगारेट, डॉक्टरपर्यंतचं अंतर, हातातला पैसा : नकाशाच्या रंगात हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून जागा बदलण्याचा विचार मी कधी खोडत नाही. फक्त विचारते, की नेमकं कशापासून लांब जायचंय? उत्तर ‘बुरशी आलेली खोली’ असेल तर खोली बदलता येते. ‘लाल रंग’ असेल तर थोडं थांबायचं.

या घरात ओल निघाली, मुलाच्या उशाशीच. पलंग हलला, भिंत दुरुस्त झाली. नवऱ्याने गॅलरीतली सिगारेट सोडली. सोडली म्हणजे दोनदा सोडली. पुढच्या वर्षात मुलगा एकदा ॲडमिट झाला, एका रात्रीपुरता. त्या रात्री त्यांनी मला फोन केला नाही, दोन दिवसांनी केला, याचं मला बरं वाटलं.

शेवटच्या भेटीला मुलगाही आला होता. झटका आला तर काय करायचं ते सांगणारा, डॉक्टरांनी दिलेला हिरवा-पिवळा-लाल तक्ता कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय, असं आईने सांगितलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला. लाल पट्टीच्या शेजारी पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात, काहीतरी लिहिलेलं होतं. मी मोठं करून वाचलं.

“आई, आधी पंप. मग बाबांना उठव.”

“मीच लिहिलंय,” मुलगा म्हणाला. “ती उलटं करते.”